धागा कापल्याची खूण

रडायचं कसं, हे मला कुणी शिकवू नये. आमच्या गल्लीत माणूस गेलं की आधी डॉक्टर यायचा, मग मी. डॉक्टरनं नाडी सोडून मान हलवली की कुणीतरी पळत यायचं, "शालनआक्का, चला." मी पोचल्याशिवाय मढं हलत नसे.

नुसतं भोकाड पसरणं म्हणजे रडणं नव्हे. ते शेंबडी पोरंही करतात. आमच्यात बाई मेलेल्याशी बोलत रडते. सूर धरायचा आणि त्या सुरात त्या माणसाचा सगळा जन्म मांडायचा. काय खाल्लं, काय सोसलं, कुणी जीव लावला, कुणी छळलं. सासूनं उपाशी ठेवलं असेल तर सासू समोर बसलेली असताना नाव घेऊन सांगायचं. त्या वेळी रडणारीचं तोंड कुणी धरत नाही. एरवी ज्या बाईनं ब्र काढला असता तर दात पडले असते, ती मढ्याच्या उशाशी बसून भर चारचौघांत बोलते आणि बापईमाणसं खाली मान घालून ऐकतात. आम्हा बायकांचं कोर्ट तेवढंच. तिथं वकील लागत नाही आणि तारीख पडत नाही.

माझा जन्म गेला इचलकरंजीच्या मागावर. आधी सुताच्या कांड्या भरल्या, नवरा गेल्यावर माग चालवले. पत्र्याच्या शेडमध्ये एकदम एवढे माग धडधडायचे की शेजारी उभी असलेली बाई काय म्हणते ते ऐकू यायचं नाही. त्यातनं मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, आवाज. माझा सूर खडखडाटाच्या वर चढलेला आहे, तो साध्या घरात खाली उतरत नाही. दुसरं म्हणजे हात. शेडमध्ये आम्ही हातानं बोलायचो. चहा आला, मालक आला, कांडी संपली, सगळ्याला खूण. धागा तुटला की पाची बोटं फाकवून झटकायची. म्हणजे आपोआप गेला, कुणाचा दोष नाही. आणि दुसरी एक खूण होती, ती क्वचित निघायची. एका हाताची कड दुसऱ्या हाताच्या मनगटावर मारायची. म्हणजे धागा तुटलेला नाही, कुणीतरी कापलाय. कुणाचं कुणाशी वाकडं असलं की मुद्दाम बीमावरच्या सुतावर ब्लेड फिरवायचे हलकट. ती खूण झाली की माग थांबायचे, मालक पळत यायचा. कुठलीच खूण खोटी करायची नाही, हा शेडचा कायदा. मी जन्मात केली नाही.

माझी लेक सुवर्णा त्याच शेडमध्ये सुताच्या पोत्यावर वाढली. बोलायच्या आधी तिला खुणा यायच्या. पुढं ती नर्स झाली. जावई ट्रकखाली गेला, तेव्हा पोटच्या पोरीला माझ्या पदरात टाकून ती ग्लासगोला गेली. तिथल्या दवाखान्यात लागली ती लागलीच. तिची पोर शरयू माझ्याकडं मोठी झाली. आईला ती फोनवर ओळखायची आणि मला वासावर.

आता माग बंद पडलेत. शेडमध्ये यंत्रमाणसं कापड विणतात, त्यांना खुणांची गरज नाही. आमच्या खुणा जाणणाऱ्या बाया एकेक करून मी रडून पोचवल्या.

बायाक्का कुडचे गेली त्या दिवशी शरयू माझ्यासोबत होती. मी नेहमीसारखी रडले. "बायाक्का गं, वाटीभर साखर उसनी नेलीस, ती परत न देताच चाललीस की गं! वर जाऊन कुणाच्या दारात वाटी घेऊन उभी राहशील गं!" बायका हुंदके देता देता हसल्या. बायाक्का होतीच तशी, आणि तिच्याविना माझं कसं होणार तेही त्याच सुरात आलं. शरयूनं ते सगळं टिपलं आणि 'नाद'वर टाकलं. हा नाद तुम्हाला ठाऊक आहे. पोरं जेवताना, झोपताना, परसाकडला जातानाही त्यातच असतात.

चार दिवसांत शरयू नाचत आली. "आजी, तू कोरियात गेलीस! व्हिएतनाममध्ये गेलीस!"

"मी कुठं जात नाही. माझे गुडघे बघितलेस काय?"

तिनं फोन माझ्या पुढ्यात धरला. मी रडत होते. तोंड माझं, आवाज माझा, हुंदक्यातली घरघरही माझी. पण भाषा कुठली तरी चिंग-चांग. मी फोन ढकलून दिला. "कुठल्या बयेनं माझा गळा चोरला?"

पोर हसली आणि तिनं मला समजावलं. तिनं समजावलं तेवढं चांगलं मला पुन्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून तिच्याच शब्दांत सांगते. "आजी, तुमच्या डॉबीच्या मागाला नक्षीचं कार्ड असायचं ना, भोकं पाडलेलं? कार्ड बदललं की नक्षी बदलायची. नाद कापड पाठवतच नाही. तुझा आवाज इथनं जातच नाही कुठं. फोन तुझा आवाज ऐकतो, तुझा चेहरा बघतो आणि त्याचं फक्त कार्ड बनवतो. सूर केवढा, घरघर किती, ओठ कसे हलले, गाल कुठं थरथरला. ते इवलंसं कार्ड जातं. तिकडचा फोन ते कार्ड लावून तिकडंच तुला नव्यानं विणतो. मग वाटेत कार्डाची दोन भोकं बदलली की तू कोरियन बोलतेस, आणि ओठही तसेच हलतात."

"आणि खरी मी?"

"खरी तू इथं. माझ्याजवळ." असं म्हणून तिनं माझ्या मांडीवर डोकं टाकलं.

पुढं काय झालं ते जगानं बघितलं. परदेशातल्या एका टवळीनं डोक्यावर टॉवेल घेऊन माझी नक्कल केली. खाली शेकड्यांनी लिहिलं, हे एशियन लोक मेलेल्यालाही शिव्या घालतात. सुवर्णानं फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "एशियन म्हणजे कोण गं?"

"आपण. चिनी, जपानी, लंकेचे, आपण, सगळे इथं एका बुट्टीत."

"मी इचलकरंजीची कोष्टीण. मला बुट्टीत घालणारी कोण ती?"

पण त्या बुट्टीतलीच पोरं उठली. कोरियाच्या एका पोरानं आपली आजी रडतानाची जुनी फीत टाकली आणि लिहिलं, आमच्या आज्या अशाच रडतात, लाज तुमची तुम्ही ठेवा. मग चिनी, तमिळ, पठाणी, फिलिपिनी, ज्याची त्याची आजी निघाली. जी पोरं आईच्या मोठ्या आवाजानं वर्गात मान खाली घालायची, ती आता छाती पुढं काढायला लागली. सुवर्णाच्या दवाखान्यात आधी आपलं कुणी गेलं आणि नातलग रडले की सिस्टर पडदा ओढून म्हणायची, प्लीज, हळू. आता तिथं रडायला वेगळी खोली केली. दारावर पाटी लावली. सुवर्णा ते सांगताना रडली. म्हणाली, "आई, तुझ्यामुळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी इथं मान ताठ करून चालले."

मला बरं वाटलं. का वाटू नये? माझ्या बायकांचं रडणं जगानं ऐकलं.

मग नादनं सन्मान नावाचं बटण काढलं. आपल्याच पोरांनी मागणी केली होती की आमची थट्टा थांबवा. नादवाल्यांकडं थट्टेचं सगळं माप होतं. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा असतो, त्याची नाडी कुठं उसळली, बघणाऱ्यानं कुठं नाक मुरडलं, कुठं आपल्याच माणसानं शरमेनं फीत पुढं ढकलली, सगळं यंत्राला ठाऊक. सन्मान चालू केलं की यंत्र त्या जागची भोकं बदलायचं. टोचणारं बोलणं मऊ व्हायचं. चेहऱ्यावरचा काळवंडलेपणा, भेगा, पिवळेपणा, ज्याला बाहेरचे हसतात ते सगळं निघून तोंड उजळायचं.

शरयू म्हणाली, "लावू का आजी? बायाक्काला हसलेलं मला सोसवत नाही."

"साखरेचं राहील ना?"

"मऊ होईल जरा."

"लाव," मी म्हटलं. घरचं उणं बाहेर दिसू द्यायचं नाही, ही आपली जुनी खोड. यंत्र कुठं आभाळातनं पडलं होतं? ते आपल्याकडूनच शिकलं.

त्या गाजावाजातच शरयूला स्थळ आलं. नदीपलीकडच्या शहरातलं, नादवरचं 'सात ताटं'वालं घर. तुम्ही बघत असाल. सात माणसं, एका पंगतीत सात ताटं, सकाळी आरती, सुनेच्या अंगावर नऊवारी, सासू सुनेच्या तोंडात घास घालते. अमेरिकेपासून मलायापर्यंत लोक ते लावून जेवायचे. एशियन घर असावं तर असं! सुवर्णा हरखली. "आई, एकट्या पोरीला भरलं घर मिळतंय. आणि मी रोज तिला बघू शकेन."

ते मात्र खरं झालं. ग्लासगोला बसून तिनं आपल्या लेकीला रोज बघितलं.

मला दिसत होतं ते वेगळं. पोर सणाला आली की कोपऱ्यात नुसती बसून राहायची. मी विचारलं, "घास घालते का गं सासू?"

"घालते. पाच-सहा वेळा घालते, नीट येईपर्यंत. मग शूट संपलं की ती जेवते. मला तोवर भूकच राहत नाही."

"सोडून ये."

"आजी, आई किती खूश आहे तुला ठाऊक आहे? तिच्या वॉर्डातले सगळे बघतात. सांगते ती, ही माझी मुलगी."

डोहाळजेवणाला मी गेले. फुलांची वाडी भरलेली पोर झोपाळ्यावर बसली होती आणि समोर शूटचे दिवे लावले होते. मी ओटी भरायला वाकले आणि माझे हात थांबले. पोरीचे डोळे पिवळे होते. नखं पिवळी. हाताला धग नव्हती, नुसता घाम होता.

"शरू, कधीपासून गं?"

"मळमळतंय आठवडाभर. डोहाळेच असतील म्हणाल्या सासूबाई. पानांचा रस देतायत."

मी तिच्या सासूकडं, मंदाकिनीबाईंकडं गेले. "विहीणबाई, पोरीला कावीळ झालीय. पोटुशीला कावीळ म्हणजे खेळ नव्हे. गाडी काढा."

"आक्का, लाखो लोक बघतायत आत्ता. आरती तेवढी होऊ दे. उद्या नेतो की."

"लाखो लोक तिचं बाळंतपण करणार आहेत काय?"

"हळू बोला," तिनं हसऱ्या तोंडानं दात आवळले. तिचं तोंड अजून दिव्यांत होतं.

मी शरूचा दंड धरला. वाडीची फुलं सांडली. पोरीनं माझा हात हळूच सोडवला. "आजी, उद्या जाते. नक्की. आज आई बघतीय गं. सुट्टी टाकलीय तिनं बघायला."

मी बाहेर येऊन सुवर्णाला फोन लावला. "पोर पिवळी पडलीय. तू सांग त्यांना, तुझं ऐकतील."

"आई, मी आत्ता तिलाच बघतेय. गाल बघ कसे लाल आहेत. डोळे किती चमकतायत."

"अगं, मी हातभरावरनं बघितलंय."

"आई, नर्स मी आहे का तू? तुला ते घर पहिल्यापासून खुपतंय. आजचा दिवस तरी भांडू नकोस."

मी नदीच्या घाटावर जाऊन बसले. परत गेले तर दार लावून घेतलं होतं. आत आरती चालली होती.

उद्याची गाडी त्यांनी काढली नाही. परवा पाहुणे होते. नेली तेव्हा पोर माणसं ओळखत नव्हती. लिव्हर गेलं म्हणाला डॉक्टर. पोटातलंही गेलं.

सुवर्णाला विमानात बसायलाही सवड मिळाली नाही. इतक्या घाईनं त्यांनी सगळं उरकायला काढलं. तिनं फोनवर एवढंच म्हटलं, "आई, माझ्या वाटणीचंही तू रड. मी नादवर ऐकते." सात ताटंवाल्यांनी तिथंही दिवे लावले होते.

मी शरूच्या उशाशी बसले. तोंडाला हळदकुंकू थापलं होतं, पिवळेपणा झाकायला त्याहून चांगलं काय मिळणार? मी सूर धरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मढ्यांवर ज्याचा सराव केला, तो त्या दिवशी कामी आला.

"शरू गं माझे, हळदीवाचून पिवळी झालीस गं. डोळे पिवळे, नखं पिवळी, वर फुलांची वाडी गं. विहीणबाई, माझ्या पोरीला फुलांखाली झाकून मारलंत गं. आरतीचं ताट फिरवलंत, गाडीचं चाक फिरवलं नाही गं." मी नाव घेऊन सांगितलं. सासूचं, सासऱ्याचं, नवऱ्याचं. कुणी तोंड धरलं नाही. मंदाकिनीबाई पदराआड गेली. नवरा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शेजारच्या बाया माझ्याबरोबर रडू लागल्या. बोलता बोलता माझे हात चालत होते, ते मला कळलंही नाही. शेडमधल्या बाईचे हात तोंडाबरोबर चालतातच.

उठले तेव्हा गळ्यातनं रक्ताची चव येत होती. वाटलं, पोरी, तुझं एवढं तरी केलं. जगापुढं सांगितलं. तुझ्या आईला कळलं.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाचा फोन आला. रडून रडून आवाज बसला होता, पण त्यात एक शांतपणा होता. "आई, तू किती चांगली रडलीस गं. मला भीती होती तू भांडशील. पण विहीणबाईंना तू म्हणालीस, माझ्या पोरीला फुलासारखं जपलंत. तेवढ्या एका वाक्यावर मी उभी आहे बघ."

माझ्या हातातनं तांब्या पडला. "मी काय म्हणाले?"

"फुलासारखं जपलंत. हळदीच्या अंगानं गेलीस गं, म्हणालीस. आई, ते मी परत परत ऐकते."

बटण. शरूनं माझ्या मानासाठी लावलेलं बटण तसंच चालू होतं, टिपणारं कुणीही असो. सूर माझा, घरघर माझी, आणि शब्द त्या यंत्राचे. आपल्या घरातलं वाईट आपल्या बाईनं बोललं की बाहेरचे म्हणतात, हे लोक असलेच. आपले शरमतात. म्हणून यंत्रानं ती भोकं बुजवली. मी जिच्यावर खुनाचा ठपका ठेवला, तिला माझ्याच आवाजात माझं शाबासकीपत्र मिळालं.

मी सुवर्णाला खरं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आई, मी माझ्या कानांनी ऐकलंय. सगळ्या जगानं ऐकलंय. दुःखात माणसाला आपण काय बोललो ते आठवत नाही. मी रोज बघते असे लोक." ती सिस्टरच्या आवाजात बोलत होती. पडदा ओढून म्हणतात ना, प्लीज, हळू, तसं.

पोलीस चौकीत गेले. फौजदार भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझीच फीत माझ्यापुढं लावली. "आजी, ह्या तुम्हीच ना?"

"आवाज माझा, बोलणं माझं नव्हे."

"तुमचा आवाज म्हणजे तुमचं बोलणं, आजी. कायदा असाच चालतो."

मला वाटलं, माणसं होती की तिथं. त्यांच्या शेजारची रंजना माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती, माझ्याबरोबर रडली होती. तिच्या दारात गेले. तिनं चहा दिला आणि खाली बघत म्हणाली, "आक्का, मलाही आधी वाटलं होतं तुम्ही काहीतरी कडक बोलला. पण घरी येऊन परत ऐकलं, तर तसं काही नाही त्यात. माझंच ऐकण्यात चुकलं असणार."

"अगं, तू बाजूला होतीस माझ्या!"

"होते. पण ते तर रेकॉर्ड आहे ना."

घरी आल्यावर मी फोन पाण्याच्या पिंपात टाकला आणि झाकण लावलं. पुढं जगात माझं काय चाललंय ते गल्लीतली पोरं सांगायची. म्हणे त्या रडण्यानं सगळ्या देशांतली पोरं हलली. त्यांनी माझा एक हावभाव उचलला होता. मोर्चात, वाढदिवसाला, गळाभेट घेताना करतात. पिशव्यांवर, सदऱ्यांवर चित्र छापलं. आजीचा हात म्हणतात त्याला. आपल्या आज्यांच्या अभिमानाची निशाणी. "दाखव," मी म्हटलं. शेजारच्या पोरीनं हसत हसत दाखवलं आणि मी दाराची चौकट धरली. कुणाला सांगणार? ओळखणारी एकही शेडवाली उरली नव्हती.

एक होती. पण तिला मी आता काही सांगणार नव्हते. त्या एका वाक्यावर ती उभी आहे म्हणाली होती. ते काढून घेतलं तर तिला कुठली जमीन देऊ? पहिल्यांदा मला वाटलं, असू दे. खोटं तर खोटं.

शरूच्या वर्षश्राद्धाआधीच सुवर्णा आली. न कळवता. भर दुपारी दारात उभी, अंगावर तिकडचा जाड कोट, इथं घामाच्या धारा. मी म्हटलं, "कोट काढ आधी, उकडून मरशील."

तिनं कोट काढला नाही. चप्पल काढून आत आली, जुन्या पोत्यावर बसायची तशी जमिनीवर बसली. पाणी घेतलं नाही.

"आमच्या वॉर्डात एक फिलिपिनी पोरगी आहे, नवी," ती म्हणाली. "माझी मुलगी गेली हे तिला कळलं. कॉरिडॉरमध्ये मला थांबवलं तिनं. बोलली काही नाही. तुला मान द्यायला, प्रेमानं तिनं असं केलं."

सुवर्णानं उजव्या हाताची कड डाव्या मनगटावर मारली.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मी तिथंच भिंतीला टेकले, आई. पोत्यावर बसून ही खूण मी एकदाच बघितली होती. सगळे माग थांबले होते. मग घरी जाऊन तुझी फीत लावली, आवाज बंद करून. तोंडाकडं बघितलंच नाही. नुसते हात बघितले. आधी ऐकताना तुझं तोंड म्हणत होतं, जपलंत. आणि हात..." तिनं पुन्हा मनगटावर मारलं, आणि पुन्हा. "किती वेळा केलंस गं. यंत्रानं तोंड बदललं, हात राहू दिले. त्याला वाटलं असेल, बाईमाणूस हात आपटतंय."

मी तिच्या केसांवरनं हात फिरवला. ती बाजूला सरकली.

"डोळे पिवळे होते?"

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

"आई. होते?"

"होते."

"नखं?"

मी मान डोलावली.

ती नर्स. कावीळ झालेली पोटुशी बाई तिनं दारातनं ओळखली असती. तिच्या लेकीला तिनं रोज बघितलं होतं, सुट्टी टाकून बघितलं होतं, आणि ते सगळं कुठल्या तरी कार्डावरनं ग्लासगोत विणलेलं कापड होतं. मी सांगितलं तेव्हा तिनं मला नर्स कोण म्हणून विचारलं होतं. ते तिला आठवतंय, हे मला तिच्या ओठांवरनं दिसत होतं.

मग तिनं सूर धरला. परदेशात इतकी वर्षं राहिलेली पोर, मला वाटलं होतं विसरली असेल. सुरुवातीला आवाज तुटका होता, नादवरच्यासारखा मध्येच थांबायचा. मग शेडमधला आवाज निघाला, खडखडाटावरचा. "शरू गं, तुझी आई बघत होती गं. रोज बघत होती गं." सासूचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं. आणि शेवटी तिनं मनगटावर हात मारला आणि तोच हात स्वतःच्या डोळ्यांकडं नेला.

कापलं. ह्या डोळ्यांनी बघत बघत कापलं.

आमच्यात रडणारीचं तोंड धरायचं नसतं. मी धरलं नाही. पण मी तिचे दोन्ही हात माझ्या डाव्या हातात धरले, तिच्यासमोर माझा उजवा हात वर केला आणि पाची बोटं फाकवून झटकली. आपोआप गेला, पोरी. कुणाचा दोष नाही.

जन्मात पहिल्यांदा मी खूण खोटी केली.

सुवर्णानं माझ्या हाताकडं बघितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. पोत्यावर वाढलेल्या पोरीला खोटी खूण लगेच कळते. तरी तिनं माझी ती फाकलेली बोटं एकेक करून मिटली, मूठ केली आणि आपल्या छातीशी धरून ठेवली.